पातेलं, डाव आणि लाल कूर्ना

सगळा दोष माझ्या जिभेचा. सप्टेंबरात कॉफी पिता पिता मी सासरेबुवांना सांगून बसलो, "यंदा या खिडकीतून तुम्हाला कूर्ना दाखवतोच. शब्द देतो!"

कूर्ना म्हणजे उत्तरेच्या जंगलातला गुबगुबीत लाल पक्षी. तिकडे फळं कमी पडली की हिवाळ्यात थवेच्या थवे आमच्या औलू शहरात उतरतात आणि रोवनच्या झाडाची लाल फळं शोधत हिंडतात. आमच्या अंगणात रोवन आहे. पण दरवर्षी ते करडे कस्तुर पक्षी ऑक्टोबरातच सगळं झाड ओरबाडून नेतात, हलकट मेले! सासरेबुवा शहाऐंशीचे, पायांनी अधू, सध्या आमच्याकडेच राहतात आणि नाताळनंतर वृद्धाश्रमात जाणार. तिथली खिडकी पार्किंगवर उघडते. म्हणजे हा शेवटचाच हिवाळा.

"तू दाखवणार?" ते म्हणाले. "जावईबापू, तुला धड लाकूड फोडता येत नाही. तुला माणूस तरी कसं म्हणायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (एकतीस वर्षांपूर्वी लग्न झालं, तेव्हापासून ती तिथेच मुक्कामाला आहे.) दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पातेलं-डाव घेऊन झाडाखाली पहाऱ्याला बसलो. कस्तुर दिसला की बडव पातेलं! शेजारचा ऑस्मो पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला, तेही शिव्या द्यायला. बायको, रायली, म्हणाली, "पेंट्टी, माझं बटाट्याचं पातेलं मुकाट्याने परत दे, नाहीतर जेवायलाही झाडावरच जा."

मी दिलं नाही. डिसेंबर लागला तेव्हा अख्ख्या गल्लीत एकटं आमचं झाड लालभडक उभं होतं.

अशाच एका रविवारी नुकतं कुठे उजाडत होतं, सकाळचे दहा वाजले असतील. (आमच्या उत्तरेत डिसेंबरात सूर्य तेव्हाच उगवतो.) रायली स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, झाडावर पक्षी आलेत!"

माझं डोकंच फिरलं. तीन महिने राखलेलं झाड! चष्मा शोधायला वेळ कोणाला? लोकरीच्या आतल्या विजारीवरच, उणे अठरा अंशांच्या थंडीत, पातेलं घेऊन धावलो.

"निघा, चोरांनो! दरोडेखोरांनो! माझ्या सासऱ्याच्या तोंडचा घास पळवता?"

पक्षी ढिम्म. कस्तुर निदान भ्यायचे तरी! मी आणखी जोरात बडवलं. डाव मोडला. बर्फाचे गोळे फेकले, एकही लागला नाही. एकाने चावलेल्या फळाचा लगदा सावकाश माझ्या टकलावर टाकला. संतापाने मला रडूच यायचं बाकी होतं.

"पेंट्टी, थांब!" रायली धावत आली.

"थांबू? आज एकेकाची मान मुरगळतो!"

"अरे गाढवा, लाल आहेत ते!" तिने माझ्या नाकावर चष्मा ठेवला.

लाल होते. सगळेच्या सगळे. आणि खिडकीच्या काचेला नाक लावून सासरेबुवा रडत होते की हसत होते, कळेना.

मी आत जाऊन खाली मान घालून म्हणालो, "बाबा, चुकलं. उडून गेले असते तर?"

"छे! फार आतल्या जंगलातले पक्षी हे. माणूस बघितलेलाच नसतो, मग भितील कशाला?" त्यांनी माझा हात हातात घेतला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच! माझा सगळा राग विरघळला.

"पण आता बघितला ना," मी काळजीने विचारलं. "उद्या येतील ना?"

सासरेबुवांनी मला टकलावरच्या लगद्यापासून विजारीपर्यंत नीट न्याहाळलं.

"निश्चिंत राहा," ते म्हणाले. "त्यांनी अजून माणूस बघितलेला नाही."