धनी बसला की थांबणारी मोटार

“बंद पडंल? आन ह्यो हरिबा फिटर जित्ता असताना?” हरिबाने मोटारीच्या बॉनेटवर अशी थाप मारली की आत कुठलातरी स्क्रू खुळखुळला. “आवं धनी, इटलीच्या डोंगरात वरनं तोफंचं गोळं पडत हुतं, तवा म्या चालत्या ट्रकाचा प्लग बदललाय! त्याच्याम्होरं ही तुमची मोटार म्हंजे काय? किरकोळ काम!”

चालत्या ट्रकाचा प्लग कसा बदलतात हे अंगणातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे शंका कुणीच काढली नाही. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. हरिबा पलटणीतून हवालदार होऊन कडेगावला परतला, तो ड्रायव्हर-फिटरचा शिक्क्याचा कागद छातीच्या खिशात घेऊनच. तो कागद त्याने इतक्या जणांना दाखवला होता की घड्यांवर त्याचे चार तुकडे व्हायला आले होते. ऊसबागायतदार लालासाहेबांनी सांगलीच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार घेतली आणि हरिबाला तिच्यावर ठेवला. गडी खूश! धनीही खूश!

आठ दिवसांत दोघांचंही तोंड उतरलं.

मोटारीला एक विचित्र खोड होती. हरिबा एकटा खताची पोती आणायला गेला, की मोटार तुरुतुरु धावायची. पेंड आणायला गेला, तरी धावायची. पण लालासाहेब पांढराशुभ्र पटका बांधून मागे बसले आणि मोटार कामाला निघाली, की मैल-दीड मैलावर फट् फट् करायची, दोन आचके द्यायची आणि गप्प! मग अर्धा-पाऊण तास हँडल मारून हरिबाचे खांदे उतरायची वेळ यायची. आणि अचानक, काही न करता, पहिल्याच हँडलला मोटार सुरू! बिघाड शोधायला बॉनेट उघडावं तर आत सगळं ठाकठीक.

“हरिबा, खरं सांग,” लालासाहेब एकदा वाटेत बांधावर बसून म्हणाले, “हिला माजा पायगुन बरा न्हाई, व्हय रं?”

“छ्या! धनी, मशिनीला कसला आलाय पायगुन?”

“मग तू एकटा असलास की कशी पळती?”

हरिबाने पुन्हा हँडलला हात घातला. लालासाहेबांनी मग स्वतःच उपाय काढला. पुढच्या खेपेला ते पटका काढून, अंगावर घोंगडं पांघरून, पेंडीच्या पोत्यासारखे मागच्या सीटवर आडवे झाले. मोटारीने ओळखू नये म्हणून! गावाबाहेर पडेपर्यंत घोंगड्याखालून दबक्या आवाजात विचारत होते, “कळलं का रं तिला?” मैलभराने मोटारीला कळलं. ती थांबली.

एवढ्यावर भागलं असतं तर हरिबाने सोसलं असतं. पण त्याच दिवशी समोरून विट्याचे आप्पासो टांग्यातून येत होते, आणि आप्पासोंची मनू म्हणजे हरिबाचा जीव होता. विट्याच्या बाजारात दोनदा नजरानजर झाली होती, तिसऱ्यांदा ती हसली होती, आणि हरिबाच्या आईने मध्यस्थ घालून बोलणंही लावलं होतं. आप्पासो तेच बोलणं पुढे न्यायला येत होते. त्यांनी काय पाहिलं? होणारा जावई रस्त्यात हँडलला लोंबकळतोय आणि घोंगड्यातून लालासाहेब बाहेर येतायत!

आप्पासोंनी कलकत्त्यात सोनं गाळण्याच्या दुकानात पंधरा वर्षं काढली होती. त्यांचा विश्वास फक्त कसोटीच्या दगडावर. मोटारीकडे आणि हरिबाकडे त्यांनी सारख्याच नजरेने पाहिलं.

“पलटनीत ह्येच शिकीवलं व्हय?” ते म्हणाले. “बरं, ऐका. बेस्तरवारी मला कराडला पुन्याची गाडी धरायची हाय. मी तुमच्या मोटारीतनं येतो. कडेगावपासनं रेल्वेच्या फाटकापातूर मोटार एकदाबी थांबली न्हाई, तर तितंच सुपारी फोडू. थांबली, तर मनूला दुसरं स्थळ बघितलंयच म्या.”

“मंजूर!” हरिबा गरजला.

बेस्तरवारला पाच दिवस होते. हरिबाने मोटार उघडून अंगणभर मांडली. प्लग काढून घासले, पुन्हा बसवले. पॉइंट कानशीने साफ केले. सगळ्या वायरी बदलल्या. बॅटरी उलटीसुलटी तपासली. कॉईलवर संशय आला म्हणून कराडला जाऊन दुसरी आणली आणि तिच्यासाठी आईजवळची पोवळ्याची माळही गहाण टाकली! एकटा चक्कर मारून आला. मोटार वाऱ्यासारखी! लालासाहेबांना बसवून कामाला निघाला. दीड मैलावर फट् फट्, गप्प!

हरिबा तिथेच चाकाला टेकून बसला. त्याला खरोखर रडू आलं. इटलीत आलं नव्हतं.

शेवटी मान खाली घालून तो दस्तगीर मिस्त्रीकडे गेला. दस्तगीर विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचा. पलटणीत कधी गेला नव्हता, कागद तर नव्हताच, आणि म्हणूनच हरिबा आजवर त्याच्याकडे गेला नव्हता. दस्तगीरने बिडी विझवून सगळं ऐकून घेतलं.

“हरिबा, तू बॉनिट कवा उघडतोस?”

“गाडी थांबल्यावर! आनि कवा उघडायचं?”

“तितंच चुकतंय, गड्या. इंजन बंद पडल्यावर समदेच बघत्यात. बंद पडायच्या आदी काय हुतंय, ते बघ. तू एकटा निघतूस तवा काय हुतंय, आन धनी निघत्यात तवा काय हुतंय? दोन्ही नीट बघ. पाना हातात धरू नगंस. नुसता हुबा ऱ्हा.”

बुधवारी सकाळी लालासाहेबांना सोसायटीच्या मीटिंगला जायचं होतं. हरिबा हात मागे बांधून, दस्तगीरने सांगितल्याप्रमाणे नुसता उभा राहिला. लालासाहेब येऊन बसले. त्यांच्या मागोमाग धनीणबाई, लीलाबाई, आल्या. हातात आरतीचं ताट, मागे पाण्याची घागर.

आता हे काही नवीन नव्हतं. धनी कामाला निघाले की लीलाबाई मोटारीला ओवाळायच्या, कुंकू लावायच्या आणि वरून पाणी घालायच्या. बैलजोडी निघताना घरची लक्ष्मी पाणी घालते, तसंच. पहिल्या खेपेला तांब्याभर पाणी होतं. मोटार बंद पडल्यावर लोक म्हणाले, दृष्ट लागली. तेव्हा दोन तांबे झाले. मग कळशी झाली. आता घागर! खत आणायला निघालेल्या एकट्या हरिबाला मात्र कोण ओवाळतंय?

हरिबा रोज समोर असून, स्वतःच्या कागदाच्या नादात, हे पाहतच नव्हता. आज पाहिलं. घागर बॉनेटवर रिकामी झाली. निम्मं पाणी खाली ओघळलं, आणि निम्मं बॉनेटच्या मधल्या बिजागरीच्या फटीत गडप!

“थांबा!!” हरिबा एवढ्याने ओरडला की लीलाबाईंच्या हातून ताट पडता पडता राहिलं.

त्याने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर ते काळं टोपण असतं, सगळ्या प्लगांना करंट वाटून देणारं. बरोबर त्याच्यावर बिजागरीतून थेंब पडत होते. टप्... टप्... टप्! टोपण काढलं, तर आतल्या कडेला कुंकवाची लाल रेघ! पाणी झिरपायला मैल-दीड मैल लागत होता. मग करंट प्लगांकडे जायचा सोडून ओल्या टोपणातच भरकटायचा. इंजिनाच्या उष्णतेने पाणी सुकलं की मोटार पुन्हा शहाणी! आणि मोटार जितकी बंद पडत होती, तितकं पाणी वाढत होतं!

“घावला! धनी, चोर घावला! तुमचा पायगुन सोन्याचा हाय!” हरिबा नाचायलाच लागला. लालासाहेबांनी दारातून उडी मारून त्याला मिठी मारली.

लीलाबाईंचा चेहरा मात्र उतरला. “म्हंजे माज्या हातानंच ह्यांची वाट आडत हुती व्हय?”

हरिबा नाचायचा थांबला. धनीणबाईंच्या डोळ्यांत पाणी पाहून त्याला एकदम शहाणपण सुचलं. “न्हाई वैनीसाब! तुमी फकस्त चुकीच्या जागी पानी घातलंसा. आपन बैलाच्या डोस्क्यावर घागर वततो का? पायावर घालतो. मोटारीचं पाय म्हंजे चाकं!”

लीलाबाईंनी डोळे पुसले आणि कंबरेवर हात ठेवले. “मग मुडद्या, आदी न्हाई सांगायचं?”

बेस्तरवार उजाडला. लीलाबाईंनी चारी चाकांवर पाणी घातलं, चुकून एक थेंबही वर गेला नाही. हरिबाने टोपणावर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला होता तो वेगळाच. आप्पासो आले. गुऱ्हाळ सुरू होतं, पाहुण्याला रस नको म्हणायची सोय नव्हती. आप्पासोंनी आग्रहाखातर उसाच्या थंडगार रसाचे तीन मोठे पेले रिचवले आणि मागे लालासाहेबांच्या शेजारी ऐसपैस बसले.

मोटार निघाली. मैल गेला. दीड मैल गेला! लालासाहेबांनी श्वास रोखला होता, तो सोडला. पाच मैल! सात मैल! इंजिन कसं, भजनातल्या मृदंगासारखं! हरिबाने रस्त्यातल्या कोंबड्यांनासुद्धा भोंगा वाजवून सलामी दिली.

दहाव्या मैलाला मागून आवाज आला, “हरिबा, जरा थांब रं.”

“का वं आप्पासो?”

“रस लय झालाय.”

हरिबाने उलट वेग वाढवला. “थांबायचं न्हाई म्हनून अट हाय! तुमीच घातलीया!”

“आरं, ती मोटार बंद पडायची अट! ही अडचन निराळी!”

“तुमी म्हनलासा, एकदाबी थांबली न्हाई पायजे. धनी साक्षीला हैत.”

“व्हय, म्या ऐकलंय,” लालासाहेब गंभीरपणे म्हणाले.

“अजून चारच मैल, आप्पासो. दम धरा!”

“दम धरून व्हत न्हाई त्ये!” आप्पासोंनी दोन्ही हातांनी पुढची सीट पकडली होती. “आरं, अट मोडली म्हन! सोडली म्या अट!”

“मग मनूचं?”

“त्ये... त्ये फाटकापाशी बघू!”

पुढे रस्त्यात एक खड्डा होता. हरिबाला तो चांगला दिसला होता. त्याने तो चुकवला नाही.

“आई गं! दिली!!” आप्पासो किंचाळले. “पोरगी दिली! साखरपुडा, लगीन, समदं दिलं! आता तरी थांबव, कसाया!”

हरिबाने ब्रेक दाबला. इंजिन मात्र बंद केलं नाही. आप्पासो धोतर सावरत बाभळीकडे अशा वेगाने गेले की त्या वेगाची मोटारही सातारा जिल्ह्यात नसेल! हरिबा आणि लालासाहेब एकमेकांकडे बघून पोट धरधरून हसले.

आप्पासो परतले ते शांत, प्रसन्न होऊन. स्टेशनालगतचं फाटक वेळेवर गाठलं, पुण्याची गाडी यायला अवकाश होता. पानाच्या दुकानातून सुपारी आणून, दगडाने ठेचून, लालासाहेबांच्या साक्षीने ती फोडली गेली. हरिबाने वाकून सासऱ्यांच्या पायांना हात लावला. त्याची छाती गेले पाच दिवस जेवढी आत गेली होती, त्याच्या दुप्पट बाहेर आली होती.

“मामा,” तो म्हणाला, “आता लग्नाची वरात ह्याच मोटारीतनं काढू! विट्याच्या पेठंतनं! तुमी म्होरं बसा!”

पुण्याची गाडी आली. आप्पासोंनी डब्यात पाय ठेवला, मागे वळून मोटारीकडे पाहिलं आणि नंतर जावयाकडे.

“पोरगी दिली, त्यो शबूद पाळनार. तू कारागीर हैस, त्येबी म्या कबूल केलं. पर वरात निघंल घोड्यावरनं,” ते म्हणाले. “लगाम वढला की त्ये जनावर थांबतं तरी!”