कर्णधाराचा स्ट्राईक रेट

जिल्ह्याच्या तेवीस वर्षांखालील मुलींच्या संघाची निवड यंदा पूर्णतः वस्तुनिष्ठ निकषावर करावी, असा ठराव निवड समितीने राजारामपुरीतील कार्यालयात चहा येण्यापूर्वीच एकमताने मंजूर केला. निकष एकच : स्ट्राईक रेट. धावा भागिले चेंडू, गुणिले शंभर. अध्यक्ष पृथ्वीराजदादांना हे सूत्र फार भावले. त्यात खेळ बघायला उन्हात जावे लागत नव्हते.

पहिली अडकली ती बिद्रीची स्वप्नाली. चाचणी सामन्यात पाच बाद वीस असताना ती आली आणि सत्तर चेंडूंत नाबाद एकोणपन्नास करून सामना जिंकून गेली. स्ट्राईक रेट सत्तर. दुसरी खेळाडू मोना. संघ हरत असलेल्या सामन्यात ती अखेरच्या चेंडूला आली आणि तिने षटकार मारला. स्ट्राईक रेट सहाशे.

"दादा, मी आऊट झालो न्हाय. मॅच बी काढली की!" स्वप्नाली म्हणाली. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

"मॅच काढलीस, व्हय. पण त्यासाठी सत्तर चेंडू खाल्लेस," अध्यक्ष म्हणाले.

मग अध्यक्षांची भाची संयोगिता हिचे नाव आले. धावा शून्य, चेंडू शून्य. गुणलेखक आकाराम सर निवृत्त गणित शिक्षक होते. ते म्हणाले, "हिचा रेट काढता येत न्हाय."

"म्हंजे एवढा मोठा हाय?"

"शून्याला शून्यानं भागता येत न्हाय, दादा."

"त्येच म्हणतोय मी. मोनाचा निदान मोजता तरी आला!"

इतिवृत्तात 'मोजमापापलीकडे' अशी नोंद झाली. संयोगिता कर्णधार झाली. सरांना शाल, श्रीफळ आणि विश्रांती देण्यात आली.

अंतिम सामन्यात शेजारच्या जिल्ह्याने एकशेवीस चेंडूंत एक्क्याण्णव धावा केल्या. आपल्या मुली निकष शिकूनच आल्या होत्या. पहिल्या पाचजणींनी एकेक चौकार किंवा षटकार मारला आणि रेट बिघडायच्या आत स्वतःहून बाद होऊन परतल्या. पुढच्या पाचजणी त्यांच्याहून हुशार निघाल्या. त्यांनी कर्णधाराचा आदर्श घेतला, खेळपट्टीला नमस्कार केला आणि चेंडू न खेळताच माघारी आल्या. पंचांनी दोनदा नियमावली चाळली आणि प्रत्येकीला बाद दिले. डाव पाच चेंडूंत आटोपला. धावा चोवीस. समोरच्या टोकाला संयोगिता नाबाद, शून्य चेंडूंत शून्य.

स्वप्नाली प्रेक्षकांत बसली होती. ती उठली आणि बिद्रीच्या एसटीला गेली.

संघाचा स्ट्राईक रेट चारशे ऐंशी भरला. प्रतिस्पर्ध्यांना शंभरही गाठता आले नव्हते. संध्याकाळी गुलाल उधळत मिरवणूक निघाली, आणि 'आपल्या मुलींचा विक्रम' असा फोटो प्रत्येकाच्या मोबाईलवर आला. तुम्हीही त्यावर हात जोडलेत, 'अभिमान आहे' लिहिलेत आणि तो चार ग्रुपवर पुढे पाठवलात. सामना कोणी जिंकला, हे मात्र विचारले नाहीत.