चंद्रीला फोन द्या

"आमचं राजवीर कुठंबी सोडा, रमतंय!" मुरगूडच्या बाजारात बाळासोंनी चारचौघांत छाती फुगवून सांगितलं. पोरगं कोल्हापूरला होस्टेलवर राहून कॉलेज करणार होतं. घराण्यातलं पहिलंच!

पोरगं गेलं आणि तिसऱ्या दिवशी दोघं बिघडले. राजवीर आणि चंद्री म्हैस.

राजवीर फोनवर बाळासोंना म्हणाला, "आण्णा, मी घरी येतो."

चंद्री काहीच म्हणाली नाही. तिनं नुसता पान्हा चोरला. तिची धार राजवीरच काढायचा, गप्पा मारत मारत. बाळासोंनी पुढ्यात आंबोण ठेवलं, पाठ खाजवली, शेवटी हात जोडले. दुधाची कासांडी कोरडी!

"बोलवूया काय पोराला माघारी?" बाळासोंनी हळूच बायकोला विचारलं.

"आन् कॉलेज?" कालिंदीबाई कडाडल्या. "त्यो यायचा न्हाय. फोन लावा. बोलू दे तिच्यासंगं!"

गोठा, सकाळ. कालिंदीबाई कासेशी, बाळासो फोन धरून म्हशीच्या कानाशी.

"चंद्रे, हाईस का गं?"

चंद्रीनं कान हलवले.

"मला न्हाय करमत बघ. खोलीतला विश्वजित तोंडातनं शब्द काढत न्हाय. मेसची आमटी म्हंजे रंगपंचमीचं पाणी! आण्णांस्नी सांगू नगंस हं."

कासांडीत फेस चढला. आण्णांनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. जेमतेम दुपारपर्यंत!

होस्टेल, दुपार. बाळासो दारात, काखेत भाकरी-ठेच्याचा डबा.

"विश्वजित कोन हाय रं?"

मोर्चा आल्यासारखा अख्खा मजला बाहेर आला. गारगोटीचं एक किडकिडीत पोरगं पुढं झालं.

"आमच्या पोरासंगं बोलत का न्हाईस?"

"काका, मला वाटलं त्योच माझ्यासंगं बोलत न्हाय!"

"मग बोला की! आत्ता! माझ्यासमोर!"

दोघं भिंतीकडं बघत पावसाबद्दल बोलले. राजवीरचे कान मिरचीसारखे लाल!

गोठा, पुन्हा सकाळ.

"चंद्रे, आण्णांस्नी तू सांगितलंस?"

चंद्रीनं कान पाडले. आण्णांनी मान.

"आता काय सांगू! विश्वजितनं रात्री आण्णांची नक्कल केली. 'बोला की! आत्ता!' सगळा मजला लोळत हुता! मी बी पोट धरून हसलो."

मागनं विश्वजितचा आवाज आला, "चंद्रीला माझा नमस्कार सांग रं!"

त्या दिवशी दूध नेहमीपेक्षा जास्त निघालं.

पुढं फोनवरच्या गप्पा आखूड होत गेल्या. मग एक दिवस राजवीर म्हणाला, "आण्णा, आम्ही पोरं सकाळी रंकाळ्यावर पळायला जातोय. माझा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. त्योच लावा."

बाळासोंना खात्री होती, चंद्री फसणार नाही. जितराब हाय, माणूस न्हाय!

चंद्री पहिल्याच हाकेला पान्हावली.

कासांडी भरली. कालिंदीबाई उठल्या, पदराला हात पुसून निघाल्या. मागं पुन्हा आवाज आला, "चंद्रे, हाईस का गं?"

"अवं, म्हैस कवाच मोकळी झाली! आता कुणासाठी लावलायसा?"

"तिच्यासाठीच की," बाळासो म्हणाले. "तिला अजून करमत न्हाय."

चंद्री डोळे मिटून मजेत रवंथ करत होती.