सिंहाच्या न्हाणीघरातली आठवी पट्टी

बालमित्रांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. गोष्ट मात्र नीट सांगतो.

एका जंगलात सिंहाच्या गुहेत शॉवर होता. शॉवरखालची फरशी भिंतीला मिळते तिथे एक फट होती. फटीतून पाणी खाली झिरपायचं. खाली बिळात गेंदा सशीण राहायची. तिला चार पिल्लं. चौघांनाही खोकला.

"या आठवड्यात गळती थांबली नाही, तर मी बिऱ्हाड हलवणार," गेंदा म्हणाली. बिऱ्हाड म्हणजे चार पिल्लं आणि गळतीखाली ठेवलेलं एक मडकं.

हे ऐकून शेजारच्या सुपडू साळिंदराला फार वाईट वाटलं. सुपडू फटी बुजवायचं काम करायचा. काम चोख. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याचे काटे उभे राहायचे आणि जीभ आडवी पडायची. तरी धीर करून तो दिवाणजींकडे गेला. दिवाणजी तरस होते.

"फट आम्ही दरवर्षी बुजवतो," तरस म्हणाले. "सात वर्षांत सिलिकॉनच्या सात पट्ट्या मारल्या. सातही वेळा महाराजांनी उद्घाटन केलं."

"उद्घाटन म्हणजे काय करतात, दिवाणजी?"

"त्याच संध्याकाळी शॉवरखाली अंघोळ. प्रथाच आहे."

सुपडूला गळतीचं मूळ तिथेच कळलं. "ताज्या पट्टीवर... पाणी पडलं की ती धरत नाही, दिवाणजी. आणि जुन्यावर नवी चिकटत नाही. जुनं सगळं खरवडावं लागेल."

"खरवड बापडा. पण उद्घाटन उद्या पाचला. वाजंत्री सांगून झालीय."

दुसऱ्या दिवशी सुपडूने आपलाच एक काटा उपटला आणि कामाला लागला. पहिल्या थराखाली झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. दुसऱ्याखाली कापलेली फीत. तिसऱ्याखाली आयाळीचे केस. सात थर निघाले तेव्हा पाकळ्यांचीच एक टोपली भरली होती. मग त्याने फट फडक्याने कोरडी केली, नवं सिलिकॉन भरलं, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून पट्टीवरून एकदाच सरळ फिरवलं.

पाच वाजले. सिंह खांद्यावर टॉवेल टाकून आला. वाजंत्री सुरू झाली. गर्दीत गेंदाही होती, पिल्लांसकट. त्यातलं एक खोकलं.

तो खोकला ऐकला आणि सुपडू शॉवरसमोर आडवा उभा राहिला. अंगावरचे सगळे काटे ताठ.

"महाराज, आज... आज अंघोळ नको. उद्याही नको. परवा."

वाजंत्री थांबली.

"महाराजांना नको म्हणतोस?" तरस गुरगुरले. "कुणाच्या हुकमाने?"

"सिलिकॉनच्या," सुपडू म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

सिंहाने सुपडूकडे पाहिलं. मग टॉवेलकडे पाहिलं. बालमित्रांनो, सिंह कितीही मोठा झाला तरी रक्त मांजराचंच. सात वर्षं तो बिचारा केवळ राज्यासाठी भिजत होता.

"परवापर्यंत," सिंह हळूच म्हणाला. "आणि समजा, आणखी दोन दिवस थांबलं, तर पट्टी आणखी पक्की होईल का रे?"

"होईल, महाराज."

"मग थांबू. दिवाणजी, याला म्हणतात जाणकार. नाहीतर तुमचे ते सात कारागीर." आणि सिंह कोरड्या आयाळीने जवळजवळ पळतच आत गेला.

रोज शॉवर वापरणारी राणी आणि पाण्याचे वेडे छावे तेवढे दिवस अंघोळीला ओढ्यावर गेले. पाचव्या दिवशी मात्र सगळे छावे शॉवरखाली दुपारपर्यंत नाचले. खाली गेंदा मडक्याजवळ मान वर करून बसली होती. एक थेंब पडला नाही. रात्री चारही पिल्लं न खोकता झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपडू गेंदाच्या बिळात गेला. भिंतीवर हात फिरवून पाहिला. मग रिकामं मडकं बाहेर उन्हात नेलं, त्यात माती भरली आणि मेथी पेरली.

"अरे बाबा," गेंदा म्हणाली, "आता हिला पाणी ओढ्यावरून आणावं लागणार की."

"आणतो ना मावशी," सुपडू म्हणाला आणि कळशी घेऊन निघाला.

तात्पर्य : मोठ्यांना खरं सांगायला मुळीच भिऊ नये. फक्त त्या खऱ्यात त्यांची अंघोळ टळत असावी.