हाक मारायचं नाव

आमचे शेजारी दत्तूअण्णा अनोळखी झुडपालासुद्धा पावणं म्हणतात. रस्त्याकडेला न पाहिलेलं फूल दिसलं की गाडी थांबलीच पाहिजे. मग फांदी हातात घेऊन चौकशी, "पावणं, कुठलं म्हणायचं तुमी?" झुडूप काही बोलत नाही. मग अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला धरतात.

साखर कारखान्यात वजनकाट्यावर जन्म गेलेला, त्यामुळे एकाच्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. तीन तोंडांतून एकच नाव आलं तर ते पक्कं. मी एकदा मोबाइलवर फोटो काढून शास्त्रीय नाव शोधून दिलं. म्हणाले, "ह्ये कागदावरचं झालं. हाक मारायचं नाव सांगा." हाक मारल्यावर झुडूप येणार कुठे, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

परवा मेहुणीच्या लग्नाला राधानगरीकडे निघालो होतो. बायको आधीच पुढे गेलेली. शेजारधर्म म्हणून अण्णांना गाडीत घेतलं, तिथंच चुकलं. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "थांबवा." डोक्याएवढं उंच झुडूप होतं. एकाच फांदीवर काही फुलं विटकरी, काही सुकून निळसर झालेली.

शेरडं राखणारी मावशी म्हणाली, "केवण हाय की."

मोटरसायकलवरचा गडी थांबला. "न्हाय, मुरुडशेंग ती. पोटात मुरडा आला की उगाळून देत्यात."

"तुज्या पोटाचं मला सांगू नगंस," मावशी म्हणाली. मग दोघांची चांगलीच जुंपली. अण्णा मधे पंचासारखे उभे. "एक-एक झालं," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात बायकोचा फोन. अंतरपाट धरलाय, आहात कुठं? माझं डोकं फिरलं.

"अण्णा, नाव कळलं नाही म्हणून त्या झुडपाचं काय अडलंय?"

अण्णा फुलाकडेच बघत राहिले. "त्याचं न्हाय वो अडत. आमचं पयलं लेकरू बारशाआधीच गेलं. कारभारीण अजून आठवण काढती. पण नुसतं 'ते लेकरू' म्हणती. दुसरं काय म्हणणार?"

फोन पुन्हा वाजत होता, तो तसाच सीटवर टाकून मी खाली उतरलो. लांबून दुधाची गाडी येत होती. रस्त्याच्या मधोमध उभं राहून मी ती दोन्ही हातांनी अडवली.