अंगठ्याखालची दोन बटणं

सावळेरामच्या दुकानात छापलेल्या लग्नपत्रिकेत चूक दाखवील त्याला मिसळ फुकट, अशी पाटीच त्यानं नारायणगावच्या स्टँडसमोर लावली होती. बावीस वर्षांत ती मिसळ कुणाच्या पोटात गेली नव्हती. पाहुण्यांची यादी समोर, डावा हात कळफलकावर, उजव्या हाताखाली माऊस आणि डोळे कायम यादीवर. पडद्याकडे बघत टाइप करणं हे नवशिक्यांचं काम, असं तो म्हणे.

आपल्याकडची पत्रिका म्हणजे गावची निम्मी मतदारयादी. मामा, मावसे, चुलत चुलते, सोसायटीचे चेअरमन, कुणी सुटता कामा नये. शिवाय प्रत्येकाच्या नावाआधी काहीतरी मानाचं हवं. ते दीडशे वेळा कोण टाइप करणार? म्हणून सावळेरामनं आठ बटणांचा माऊस घेतला होता. बोटांजवळ श्री., सौ. आणि चि.; अंगठ्याखाली दोन बटणं, एक माळकऱ्यांसाठी ह.भ.प. आणि एक देवाघरी गेलेल्यांसाठी कै. बटण दाबलं की अक्षरं उमटली. अकरा वर्षांत त्या माऊसला अंगठ्याच्या मापाचा खळगा पडला होता. आणि ऐन लग्नसराईत, एका सकाळी, तो चालायचा थांबला.

राकेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सावळेराम गेला तो ऐटीतच. "माऊस काय रे, हात लावताच सांगीन चांगला कुठला ते."

"हा घ्या काका. बारा बटणं. रंगीत लाईट लागतो."

"मला पत्रिका छापायच्यात, वरात न्हाई काढायची."

मग बेल्ह्याच्या बाजारात बैल पारखावा तशी पारख सुरू झाली. पाठीवरून हात फिरवला, वजन तोललं, डोळे मिटून अंगठा कुठं पडतो ते पाहिलं. एक फार हलका निघाला. एक इतका रुंद की हाताला भाकरी धरल्यासारखं वाटलं. एकाचं बटण दाबायला पैलवान लागला असता. दीड तासात राकेशची तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, एक तर दोनदा आलं. शेवटी काळ्या रंगाचा एक आठ बटणांचा सावळेरामच्या मुठीत बसला.

"आता कुठल्या बटणाला काय टाकू ते सांगा," राकेश म्हणाला.

सावळेरामनं श्री., सौ., चि. भराभर सांगितलं.

"आणि अंगठ्याचं पुढचं?"

सावळेराम क्षणभर थांबला. पण थांबलेला दिसू नये म्हणून लगेच म्हणाला, "पुढं कै., मागं ह.भ.प. टाक. झोपेत इचारलंस तरी सांगीन."

"जुना एकदा हातात धरून बघा की."

"अकरा वर्सं वापरलाय राव. मला शिकिवतो?"

वापरला होता हे खरंच. फक्त वापरला होता तो अंगठ्यानं, आणि सांगत होतं तोंड. अंगठ्याला कुणी काही विचारलंच नाही.

नव्या माऊसवरचं पहिलं काम आलं ते कुंडलिकचं. कुंडलिकचा टोमॅटो मार्केटला गाळा. त्याच्या लेकीचं, आरोहीचं, लग्न ठरलं होतं. यादी टेबलावर ठेवून तो जरा घुटमळला.

"निमंत्रकात पयलं नाव दादाचं घाला. हौशीरामदादा, मढचे. माळकरी हायेत, ह.भ.प. लावा."

"तुमचं बोलणं न्हाई ना त्यांच्याशी?"

"नऊ वर्सं झाली. त्यांच्या पोराच्या पत्रिकेत माझं नाव चुलतभावाच्या खाली गेलं व्हतं. म्हणून म्या लग्नालाच गेलो न्हाई." कुंडलिक यादीवरून हात फिरवत राहिला. "आईला भेटायचं तर जुन्नरच्या स्टँडवर, बाजारच्या दिवशी. घरात पाय न्हाई. आता म्याच वर घालतो त्यांना. पत्रिका बघून तरी येतील."

सावळेरामला भरून आलं. पत्रिकेनं मोडलेलं पत्रिकेनंच सांधायचं, आणि ते आपल्या हातून. त्यानं जीव ओतून काम केलं. पडद्याकडे अर्थात पाहिलं नाही.

कच्ची पत्रिका कुंडलिकच्या मोबाइलवर गेली. त्यानं दादाचं नाव पहिलं आहे, आपलं दुसरं आहे, चुलतभावाचं बऱ्याच खाली आहे, एवढं बोट ठेवून मोजलं आणि 'ओके' कळवलं. आठशे पत्रिका छापल्या. पहिला गठ्ठा जीपवाल्याबरोबर घाटघरला सासुरवाडीला गेला. दादाची पत्रिका मात्र कुंडलिकच्या पिशवीतच राहिली. स्वतः नेऊन द्यायची म्हणे, पण धीर होत नव्हता.

चौथ्या दिवशी कुंडलिक जास्तीची पाकिटं न्यायला दुकानात आला आणि त्याचा फोन वाजला. फोनवर घाटघरचा मेव्हणा, संपत.

"भावजी, दादा गेले आन् आमाला कळीवलं बी न्हाई तुमी?"

एवढं बोलणं झालं आणि रेंज गेली. कुंडलिक मटकन स्टुलावर बसला.

"दादा गेले," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं न्हाई. सांगतील तरी कशाला?"

दादाच्या घरी फोन लावायचा तर नंबर त्यानं रागाच्या भरात कधीच पुसला होता. सावळेरामनं शटर ओढलं, त्याला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि जुन्नर ओलांडून गणेशखिंडीची वाट धरली. सबंध वाटेत तो कुंडलिकचं सांत्वन करत होता.

"माणसाचं काय असतं भाऊ? आज आपला श्री., उद्या कै. व्हायचं. बटण दाबणारा वर बसलाय. आपुन काय करनार?"

मागून नुसते हुंदके येत होते.

मढला दादाच्या दारात गर्दी नव्हती. कुंडलिकला वाटलं, सगळे नदीवर गेले. तो अंगणात गुडघ्यावर बसला आणि लहान पोरासारखा "दादा, दादा" करत रडायला लागला. तेव्हा गोठ्यातून दुधाची बादली घेऊन हौशीराम बाहेर आले.

"कोन मेलं रं?" ते म्हणाले.

कुंडलिकनं त्यांना अशी मिठी मारली की बादलीतलं निम्मं दूध अंगणात सांडलं. ओट्यावर बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आई, सरूबाई, काठी टेकत उठल्या.

"मेलो म्हणून कुनी सांगितलं?" शेवटी हौशीरामनं विचारलं.

"घाटघरच्या संपतनं. त्याला नुसती पत्रिका धाडली व्हती..."

पत्रिका हा शब्द निघाला आणि सावळेरामचा उजवा अंगठा आपोआप हलला. पुढं, मग मागं.

हौशीरामनं कुंडलिकच्या पिशवीतली पत्रिका घेतली, चष्मा लावला आणि एकेक अक्षर सावकाश वाचलं. आरोही कुणाची नात? ह.भ.प. बाजीराव यांची. निमंत्रक कोण? कै. हौशीराम.

"म्हंजे मी मेलो," ते म्हणाले, "आन् आपला बा माळकरी झाला."

बाजीराव हयातीत देवळाची पायरी चढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तमाशाचा तंबू लागला की पहिल्या रांगेत मात्र ठरलेले.

सावळेरामनं हात जोडले. "चूक माझी. तुमच्या घरचं इतकं मोठं काम व्हतं आन् म्या पडद्याकडं बघितलं बी न्हाई. आजच्या आज आठशे नव्या छापतो."

हौशीरामचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांचं बोट नावावर थांबलं होतं.

"पयलं घातलंस व्हय मला?"

कुंडलिकनं मान हलवली.

"त्या टायमाला तुझं नाव खाली गेलं, ते म्या वाचलंच नव्हतं रं कुंड्या. पत्रिका आली, माझं नाव बघितलं, मिटून ठेवली."

"म्या बी तेच केलं की आता," कुंडलिक म्हणाला.

सरूबाईंनी पत्रिका मागून घेतली. वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव कुठं आहे ते थोरल्याकडून विचारून घेतलं आणि त्यावर हात ठेवला.

"ह्येंचं मातुर तसंच राहू द्या. चाळीस वर्सं म्या सांगत व्हते, माळ घाला, माळ घाला. घातली एकदाची."

"पण आजी, कै. लावावं लागंल," सावळेराम चाचरत म्हणाला.

"दोन्ही लाव. मेले बी हायेत की."

नव्या पत्रिका तिसऱ्या दिवशी गेल्या. मिसळ खायला दोघे भाऊ एकाच मोटरसायकलवर आले आणि दोघांनी दोनदा रस्सा मागवला.

संध्याकाळी सावळेराम माऊस घेऊन राकेशकडे गेला.

"बटणं उलटी करून देऊ का काका?"

"नको. कै. काढूनच टाक. तेवढं हातानं टाइप करीन. बघून."

"मग त्या बटणाला काय टाकू?"

सावळेरामनं माऊस मुठीत धरून पाहिला.

"रिकामं राहू दे. अंगठा टेकायला."