लुओ मावशीच्या अंड्यांचं गुपित

"पाहुणे आपल्या घरी आणि चहाची अंडी शेजारच्या लुओ मावशीच्या पातेल्यातली? अजिबात नाही! मी स्वतः करणार!" झेंगकाकांनी सकाळी आठ वाजता जाहीर केलं.

हे ऐकून त्यांच्या पत्नी युनफांगकाकू धास्तावल्याच. थर्मामीटरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून काका घरातल्या प्रत्येक वस्तूच्या आत काय आहे ते बघत सुटले होते. भाताचा कुकर त्यांनी उघडून पुन्हा जोडला होता. तो अजूनही वाफ सोडायचा, फक्त खालून!

गेले तीन आठवडे त्यांचा डोळा लुओ मावशीच्या पातेल्यावर होता. तिच्या अंड्यांसारखा रंग अख्ख्या फूझोऊ शहरात नाही, असं गल्ली म्हणायची. काकांनी तिला विचारून विचारून भंडावलं होतं.

"अहो झेंगभाऊ, अंडी उकडायची, कवच चमच्याने तडकवायचं, मग चहा, सोया सॉस, चक्रफूल, दालचिनी. एवढंच!"

या 'एवढंच'वर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. आता रंगातलं त्यांना फारसं कळायचं अशातला भाग नाही. लाल आणि तपकिरी त्यांना सारखेच दिसायचे. पण छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे एकदाही कबूल केलं नव्हतं.

"बाबा," मुलगी रुइशिन हात जोडून म्हणाली, "आज लग्नाची बोलणी करायला येणारी हाओची आई मुख्याध्यापिका आहे. तिची भुवई वर गेली की माझं लग्न मोडलंच म्हणून समजा. आजचा दिवस कसलेही शोध लावू नका!"

"शोध कसला? अंडी आहेत ती!"

काकांनी चोवीस अंडी उकडली. प्रत्येकावर चमच्याने टकटक करून, कान लावून तडा ऐकला. मग दोन तास चहात शिजवली. काकूंनी डोकावून पाहिलं.

"अगदीच फिकट दिसताहेत हो!" म्हणाल्या आणि फळं आणायला बाजारात गेल्या.

पाहुणे चारला येणार होते. काका कपाटं धुंडाळू लागले. काकू दरवर्षी घरी दारू लावायच्या, तिला रंग आणणारा लाल तांदूळ वरच्या फळीवर होता. "बघू तर काय होतं!" म्हणत काकांनी अख्खी बरणी दुसऱ्या पातेल्यात ओतली आणि अंडी त्यात सोडली. अर्ध्या तासात रंग असा गडद चढला, की काका आनंदाने नाचायचे बाकी राहिले.

तेवढ्यात लुओ मावशी चौकशीला खिडकीशी आली. बघते तर टोपलीभर लालभडक अंडी! आता त्या गल्लीत घरात लाल अंडी दिसली की अर्थ एकच. पाळणा हलला, बाळ महिन्याचं झालं!

"अगं बाई!" मावशीने तोंडावर हात ठेवला. "म्हणून पोरगी हिवाळाभर ढगळ कोट घालून फिरत होती!"

तिने एक अंडं उचललं आणि गल्लीभर बातमी केली. पंधरा मिनिटांत दारात ही गर्दी! कुणी जिवंत कोंबडी आणली, कुणी इवलेसे बूट. आपल्या अंड्यांची कीर्ती इतक्या लवकर पसरली म्हणून काका हरखून गेले. प्रत्येकाच्या हातावर एकेक अंडं ठेवू लागले. बूट कशाला आणले असतील, हे मात्र त्यांना कळेना. विचारायचंच राहिलं, कारण हाओचं वू कुटुंब आलं.

"या, या! नातू की नात?" एका शेजारणीने हाओच्या आईलाच विचारलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा बुटांकडे. भुवई वर गेली ती खाली येईना. आणि काकांनी मोठ्या अभिमानाने लाल अंड्यांची बशी त्यांच्यापुढे धरली!

"बाबा!" रुइशिन किंचाळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही लाल का केलीत?"

"लाल? कुठे लाल? चांगली तपकिरी आहेत!"

सगळे काकांकडे बघू लागले. इतका वेळ मागे उभ्या असलेल्या हाओच्या वडिलांनी एक अंडं उजेडाकडे धरून निरखलं.

"अगदी सुरेख तपकिरी रंग आलाय. कशाने आणलात हो?"

हाओच्या आईने कपाळावर हात मारला. "अरे देवा! गेल्या महिन्यात हे माझ्या भावाच्या मयताला लाल मोजे घालून गेले होते!"

"तुमच्याकडेही हेच?" हातात फळांची पिशवी घेऊन दारात थिजलेल्या काकूंना एकदम हुंदका आला की हसू, कुणास ठाऊक. त्या बाईंना घेऊन आत गेल्या. तासाभराने दोघी डोळे पुसत बाहेर आल्या तेव्हा लग्नाचा महिनाही ठरला होता.

लुओ मावशीने फार ओशाळून माफी मागितली आणि शेवटी गुपितही सांगितलं. "रात्रभर त्याच पाण्यात मुरू द्यायची. एवढंच!" शेजाऱ्यांनी बूट काही परत नेले नाहीत. म्हणाले, "राहू द्या, लागतीलच."

पुढच्या वर्षाअखेरीला लागलेसुद्धा. नात महिन्याची झाली, तेव्हा दोन्ही आजोबांनी कुणालाही न विचारता शंभर लाल अंडी करायला घेतली आणि या वेळी न विसरता रात्रभर मुरवली. सकाळी झाकण उघडलं. आत अंडी होती लुओ मावशीच्या अंड्यांसारखीच, अस्सल चॉकलेटी तपकिरी.

"वा, झेंगसाहेब!" वूआजोबा म्हणाले. "लाल म्हणजे काय लाल आलीत!"